अपघातानंतरचा पाचवा आठवडा : हाड जुळते, पण मनाची विचारपूस कोण करणार?

रस्त्यावर अपघात झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "जीव वाचला ना?" उत्तर 'हो' आले की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग एक्स-रे, टाके, प्लास्टर, पोलिसांचा पंचनामा, विम्याची कागदपत्रे, गाडीची दुरुस्ती असा क्रम सुरू होतो. नातेवाईक फळे घेऊन भेटायला येतात. पंधरा-वीस दिवसांत ही वर्दळ कमी होते. महिना-दीड महिन्यात प्लास्टर निघते आणि घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, मालकाच्या दृष्टीने विषय संपतो.

नेमका त्याच सुमारास काही जणांचा दुसरा त्रास ठळक व्हायला लागतो. रात्री दचकून जाग येते. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की छाती धडधडते, हाताला घाम सुटतो. स्कूटरवर मागे बसायला सांगितले की काहीतरी कारण काढून टाळले जाते. माणूस चिडचिडा होतो किंवा एकदम गप्प होतो. घरचे म्हणतात, "आता तर बरा झालास, मग असं काय करतोस?" त्यालाही उत्तर देता येत नाही.

या त्रासाला वैद्यकशास्त्रात पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, म्हणतात. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार असा शब्द आहे. तो ओळखता येतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अडचण एवढीच की ज्या वेळी तो ओळखायला हवा, त्या वेळी अपघातग्रस्ताकडे बघणारे कोणी उरलेले नसते. या लेखात हा त्रास म्हणजे काय, तो का टिकतो आणि आपण काय करू शकतो हे समजून घेऊ.

आकड्यांमागची माणसे

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ मृत्यू नोंदले गेले. देशातील मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि सुमारे १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे अपघाताचा सर्वात मोठा फटका बसतो तो मोटारीच्या पत्र्याचेही संरक्षण नसलेल्या माणसांना. कामावर जाणारा मजूर, डिलिव्हरी करणारा तरुण, शाळेत निघालेली मुलगी, बाजारहाट करून परतणारी बाई.

या अहवालात 'जखमी' असा रकाना आहे. त्यात मोडलेले हाड मोजले जाते. जो माणूस खरचटण्यावर सुटला, पण शेजारी बसलेला भाऊ डोळ्यांदेखत गेला, तो 'किरकोळ जखमी' म्हणून नोंदला जातो. वाहनातून सहीसलामत बाहेर पडलेला माणूस तर कोणत्याच रकान्यात नसतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. जे मोजके प्रवासी वाचले, त्यांच्याबद्दल आपण काय म्हणालो? 'नशीबवान.' तो शब्द चुकीचा नाही, पण तो उच्चारला की पुढची विचारपूस थांबते.

हा त्रास नवा नाही

मोटारी येण्याच्या आधी रेल्वे अपघातांत हेच दिसले होते. ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमध्ये स्टेपलहर्स्ट येथे रेल्वेगाडी पुलावरून घसरली आणि १० जण मरण पावले. त्या गाडीत प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. त्यांना मोठी इजा झाली नाही, त्यांनी खाली उतरून जखमींना मदतही केली. पण पुढे त्यांना रेल्वे प्रवासाची धास्ती बसली. घोडागाडीत बसले असतानाही अचानक भीती दाटून येते, असे त्यांनी काही वर्षांनी लिहिले.

पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, जॉन एरिक एरिकसेन या लंडनच्या शल्यचिकित्सकाने रेल्वे अपघातांतून वाचलेल्यांच्या अशा तक्रारींवर पुस्तक लिहिले. कण्याला हादरा बसल्यामुळे हे होते, असे त्याला वाटत होते. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज या दुसऱ्या शल्यचिकित्सकाने हे खोडून काढले. त्याचे म्हणणे होते की बऱ्याच रुग्णांत कण्याला काही झालेले नसते, भीतीचा धक्काच अशी लक्षणे निर्माण करतो. हा पेज एका रेल्वे कंपनीचा डॉक्टर होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रेल्वे कंपन्यांना नुकसानभरपाई द्यावी लागत होती, त्यामुळे 'खरा आजार की पैशासाठी सोंग' हा वाद तेव्हापासून चालत आला. आजही अपघातग्रस्ताने मानसिक त्रासाचे नाव काढले की "भरपाईसाठी करतोय" असे म्हणणारे भेटतात. हा संशय दीडशे वर्षे जुना आहे.

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या प्रश्नामुळे या विषयाला जोर आला आणि १९८० मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने पीटीएसडी हे निदान अधिकृत केले. त्यामुळे आजही अनेकांना हा आजार म्हणजे सैनिकांचा आजार वाटतो. प्रत्यक्षात युद्ध न पाहिलेल्या समाजातही तो असतो, आणि त्याचे एक मोठे कारण आहे रस्ता.

मन 'विसरत' का नाही?

धोका समोर आला की मेंदूतील अमिग्डला हा छोटा भाग शरीराला इशारा देतो. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात, लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. ही व्यवस्था जीव वाचवण्यासाठी आहे. त्याच वेळी प्रसंग कुठे, केव्हा, कोणत्या क्रमाने घडला याची नीट नोंद करणारे काम, ज्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो, विस्कळीत होऊ शकते. परिणामी आठवण सलग गोष्टीसारखी साठत नाही, तुकड्या-तुकड्यांत साठते. समोरून आलेल्या हेडलाइटचा झोत, ब्रेकचा कर्कश आवाज, जळलेल्या रबराचा वास, काचा फुटल्याचा आवाज असे ते तुकडे असतात.

साध्या आठवणीला 'हे तेव्हा घडले' असा शिक्का असतो. या तुकड्यांना तो नीट बसलेला नसतो. म्हणून सहा महिन्यांनी कुठेतरी टायर जळल्याचा वास आला तरी शरीर 'आत्ताच धोका आहे' अशी हालचाल करते. माणसाला बुद्धीने कळत असते की आपण चहाच्या टपरीवर उभे आहोत, पण छाती धडधडतच राहते. मन खंबीर की कमकुवत याच्याशी याचा संबंध नाही. गरम तव्याला हात लागला की विचार करण्याआधी हात मागे येतो, तसेच हे आहे.

लक्षणांचे चार गट

सध्या वापरात असलेल्या डीएसएम-५ या निदानसूचीत (२०१३) लक्षणे चार गटांत मांडली आहेत. रस्ते अपघाताच्या संदर्भात ती अशी दिसतात.

१. प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणे. नको असताना अपघाताचे दृश्य डोळ्यांसमोर येते. स्वप्ने पडतात. कधीकधी तर अपघात पुन्हा घडतोय असेच वाटते. आठवण करून देणारी गोष्ट दिसली की घाम, थरथर, श्वास अडकणे सुरू होते.

२. टाळणे. तो चौक, तो घाट टाळला जातो. दोन किलोमीटरचा फेरा घालून माणूस दुसऱ्या रस्त्याने जातो. मग गाडी चालवणे बंद होते, मग गाडीत बसणे बंद होते. अपघाताचा विषय निघाला की तो उठून जातो.

३. विचार आणि भावना बदलणे. "चूक माझीच होती", "मीच का वाचलो", "आता कशावरच भरवसा नाही" असे विचार ठाण मांडतात. आवडीच्या गोष्टींत रस उरत नाही. लेकरू जवळ आले तरी माया वाटत नाही, आणि त्याची वेगळी लाज वाटत राहते. अपघातातला काही भाग आठवतच नाही.

४. सतत सावध राहणे. झोप लागत नाही. भांडे पडले तरी माणूस दचकतो. रिक्षात बसल्यावर सारखे मागे-पुढे बघतो, पायाने नसलेला ब्रेक दाबत राहतो, चालवणाऱ्यावर ओरडतो. कामात लक्ष लागत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून भडका उडतो.

ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यामुळे काम, घर, नाती यांवर परिणाम होऊ लागला, तर पीटीएसडीचा विचार करतात. निदान मात्र तज्ज्ञानेच करायचे असते. अपघातात डोक्याला मार लागला असेल तर विसरभोळेपणा, चिडचिड, झोपेची तक्रार त्यामुळेही असू शकते. दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून डोक्याच्या दुखापतीची तपासणी आधी पूर्ण करून घ्यावी.

हे फक्त जखमींनाच होते का?

नाही. डीएसएम-५ नुसार ज्याने प्रसंग जवळून पाहिला त्यालाही, आणि जवळच्या माणसाचा असा भीषण अपघात झाल्याचे कळले त्यालाही हा त्रास होऊ शकतो. मागच्या सीटवर बसलेली पत्नी, जखमींना ओढून बाहेर काढणारे गावकरी, १०८ रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी हे सगळे यात येतात.

चालकाची स्थिती अनेकदा सर्वांत बिकट असते. चूक त्याची असो वा नसो, गाडी त्याच्या हातात होती. मुलगा गाडी चालवत होता आणि मागे बसलेले वडील गेले, अशा घरात कोणी त्याला स्पष्ट दोष देत नाही, पण कोणी त्याच्याशी मोकळेपणाने बोलतही नाही. त्या शांततेचा अर्थ तो स्वतःच लावतो.

लहान मुले शब्दांत सांगत नाहीत. ती खेळण्यातल्या गाड्या पुन्हा पुन्हा आदळवतात, आईला बिलगून राहतात, पूर्वी बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, शाळेच्या व्हॅनमध्ये बसायला रडतात. याला हट्ट समजून मारणे हा सर्वांत वाईट उपाय.

टाळण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते

समाजशास्त्राच्या नजरेतून बघितले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्याच्याकडे रजा आहे, घरून काम करण्याची सोय आहे, तो सहा महिने रस्ता टाळू शकतो. ट्रकचालक, रिक्षाचालक, एसटीचा वाहक, दुचाकीवरून सामान पोहोचवणारा मुलगा यांनी रस्ता टाळला तर चूल पेटत नाही. मग ते त्रास दाबून रोज त्याच रस्त्यावर जातात आणि रात्री दारूचा आधार घेतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून रात्री-अपरात्री प्रवास करतात. एकदा ट्रॉली उलटलेली पाहिलेल्या बाईला पुढच्या हंगामात त्याच ट्रॉलीत चढावे लागते, कारण उचल घेतलेली असते.

मुलींच्या बाबतीत वेगळेच घडते. कॉलेजला जाताना अपघात झाला, भीती बसली, की घरचे म्हणतात, "राहू दे कॉलेज, बाहेरून परीक्षा दे." ही काळजीच असते, पण तिच्यामुळे शिक्षण सुटते. नोकरी करणाऱ्या बाईने प्रवासाला घाबरून काम सोडले तर घरात त्याला 'आजार' म्हणत नाहीत, 'निर्णय' म्हणतात. असा आजार कोणत्याही नोंदीत येत नाही.

एक महिन्याची रेषा आणि यंत्रणेचे घड्याळ

अपघातानंतर पहिले काही दिवस भीती वाटणे, झोप न लागणे, दृश्य डोळ्यांसमोर येणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे आपोआप कमी होते. म्हणून पहिल्याच आठवड्यात "याला पीटीएसडी झाला" असे म्हणणे चूक आहे. तीन दिवसांपासून महिन्यापर्यंत त्रास तीव्र असेल तर त्याला तीव्र तणाव विकार असे वेगळे नाव आहे.

महिना उलटल्यावर चित्र बदलते. आंके एलर्स, रिचर्ड मेयू आणि ब्रिजेट ब्रायंट यांनी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे मोटार अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ९६७ जणांचा पाठपुरावा केला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन महिन्यांनी सुमारे २३ टक्के लोकांत पीटीएसडी आढळला आणि वर्षानंतरही सुमारे १७ टक्के लोकांत तो होता. हे आकडे इंग्लंडचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. पण त्यांतून दोन गोष्टी समजतात. वाचलेल्यांतील बहुतेक माणसे सावरतात, आणि जे सावरत नाहीत त्यांची संख्या दुर्लक्ष करण्याइतकी लहान नसते.

त्याच अभ्यासात कोणाचा त्रास टिकतो हेही पाहिले गेले. 'आठवण येते म्हणजे मी वेडा होतोय' असा अर्थ लावणे, 'असे केले असते तर' हे मनात घोळवत राहणे, आठवण जोर लावून दाबणे आणि मनातला राग, या गोष्टी त्रास टिकण्याशी जोडलेल्या आढळल्या. आठवणीशी आपण कसे वागतो, याला किती महत्त्व आहे ते यावरून दिसते.

आता आपल्या यंत्रणेचे घड्याळ बघा. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातग्रस्तांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचाराची योजना अधिसूचित केली. चांगली योजना आहे, जीव वाचवणारी आहे. तिची मुदत अपघातापासून सात दिवसांची आहे. पंचनामा त्याच दिवशी होतो. विम्याचा माणूस काही दिवसांत येऊन जातो. आणि पीटीएसडीचे निदान तर महिन्याआधी होऊच शकत नाही. म्हणजे मदतीची बहुतेक दारे बंद झाल्यावर हा आजार दारात उभा राहतो. पाचव्या आठवड्यात अपघातग्रस्ताला विचारायला ना पोलीस असतात, ना योजना, ना पाहुणे. तिथे आपण असायला हवे.

चांगल्या मनाने दिलेले चुकीचे सल्ले

"विसरून जा, आठवूच नको." आठवण दाबली की ती अधिक जोराने वर येते. 'पांढऱ्या माकडाचा विचार करू नकोस' असे सांगितले की माकडच दिसते, तसे.

"त्या रस्त्याने जाऊच नको." टाळल्यावर लगेच बरे वाटते, म्हणून माणूस पुन्हा टाळतो. पण 'तो रस्ता आता सुरक्षित आहे' हे शिकण्याची संधीच मेंदूला मिळत नाही. टाळण्याचे वर्तुळ मोठे होत जाते. आधी घाट, मग महामार्ग, मग गाडीच.

"सगळं सांगून टाक, मन मोकळं कर." हा सल्ला योग्य वाटतो, पण इथे सावध राहायला हवे. ऑक्सफर्डमध्येच अपघातानंतर लगेच रुग्णांकडून सुमारे तासाभराच्या एका सत्रात सविस्तर हकिगत वदवून घेण्याचा प्रयोग झाला. तीन वर्षांनी पाहिले तेव्हा ज्यांचे सत्र झाले होते त्यांची स्थिती सत्र न झालेल्यांपेक्षा वाईट होती. सुरुवातीला ज्यांची लक्षणे तीव्र होती, त्यांच्यात हे विशेष दिसले. हा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला बोलायचे असेल तेव्हा ऐकावे, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने "नेमकं झालं कसं?" म्हणून तोच प्रसंग खोदून काढू नये. मोबाइलवर फिरणारे अपघाताचे व्हिडिओ त्याला दाखवू नयेत आणि पुढेही पाठवू नयेत.

"झोपेची गोळी घे." पहिल्या महिन्यातल्या तणावावर बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितले आहे. डॉक्टरांनी दिलेले औषध जरूर घ्यावे, पण मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नयेत. दारूने रात्र निघते, आजार निघत नाही.

"तिथे काहीतरी बाधा आहे." अपघाताच्या जागेवर उतारा, अंगारा, गंडा-दोरा यांत पैसा आणि मोलाचे महिने जातात. त्या वळणावर वारंवार अपघात होत असतील तर तिथे गतिरोधक, दिवे, सूचनाफलक यांची मागणी करावी. बाधा रस्त्याच्या रचनेत असते.

"ध्यानाला बसव, सगळं ठीक होईल." आपल्या वाचकांपैकी अनेक जण आनापान, विपश्यना करतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. श्वासाकडे लक्ष देण्याने काहींना शांत वाटते. पण ज्याला डोळे मिटताच अपघात दिसतो, त्याला दीर्घकाळ मौनात बसवल्याने त्रास वाढू शकतो. दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आरोग्याविषयी प्रश्न असतात, ते उगाच नसतात. माहिती लपवू नये. आधी उपचार, मग तज्ज्ञांच्या सल्ल्याने साधना.

पहिल्या महिन्यात घरच्यांनी काय करावे?

झोप, जेवण, औषधे यांची वेळ सांभाळावी. "असं होणं स्वाभाविक आहे, हळूहळू कमी होईल" हे एक वाक्य खूप काम करते. दोष कोणाचा याची चर्चा त्याच्यासमोर टाळावी. घरातली छोटी कामे त्याच्याकडे राहू द्यावीत, त्याला पूर्ण बिछान्यात ठेवू नये. शक्य झाल्यास प्रवास हळूहळू सुरू करावा. आधी थांबलेल्या गाडीत बसणे, मग गल्लीत एक फेरी, मग गर्दी नसलेल्या वेळी मोठा रस्ता. प्रत्येक पायरीवर भीती थोडी उतरेपर्यंत थांबावे, मग पुढची पायरी. जबरदस्ती नको आणि कायमची सूटही नको. "मला जगायचं नाही" असे बोलणे कानावर आले तर महिन्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.

पाचव्या आठवड्यात विचारायचे पाच प्रश्न

प्राथमिक तपासणीसाठी तज्ज्ञ पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी वापरतात. तिचा आशय साध्या भाषेत असा आहे. गेल्या महिन्याभरात :

१. अपघाताची वाईट स्वप्ने पडली का, किंवा नको असताना तो आठवत राहिला का?

२. त्याचा विचार येऊ नये म्हणून धडपड केली का, आठवण करून देणाऱ्या जागा वा गोष्टी टाळल्या का?

३. सतत सावध, बिथरलेले किंवा लगेच दचकणारे असे झाले का?

४. माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखे किंवा मन बधिर झाल्यासारखे वाटले का?

५. अपघाताबद्दल स्वतःला किंवा इतरांना सारखा दोष देणे थांबवता आले नाही, असे झाले का?

तीन किंवा त्याहून अधिक उत्तरे 'होय' असतील तर तज्ज्ञांना दाखवावे. हे निदान नव्हे, पुढे जाण्याची खूण आहे. हाडाच्या डॉक्टरांकडे प्लास्टर काढायला किंवा पुढच्या तपासणीला साधारण याच सुमारास जावे लागते. त्या भेटीत झोप आणि भीतीबद्दल आपण होऊन सांगावे. डॉक्टर विचारतील याची वाट बघू नये, तिथल्या गर्दीत ते राहून जाते.

उपचार कोणते?

आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार ही सर्वांत भक्कम पुरावा असलेली पद्धत आहे. साधारण ८ ते १२ सत्रांत प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ त्या विखुरलेल्या आठवणीला क्रम लावायला, तिच्याशी जोडलेले चुकीचे अर्थ तपासायला आणि टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरे जायला मदत करतो. वर एका सत्रात हकिगत वदवून घेण्याबद्दल जे लिहिले, त्यापेक्षा हे वेगळे आहे. इथे वेळ असतो, तयारी असते आणि गती रुग्णाची असते. ईएमडीआर ही दुसरी मान्य पद्धत आहे. तीत आठवण मनात धरून डोळ्यांची विशिष्ट हालचाल केली जाते. काहींना सर्ट्रालिनसारखी औषधे लागतात. ती मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच सुरू करावीत आणि बंदही त्याच्याच सल्ल्याने करावीत.

अपघाताला दोन-चार वर्षे झाली असतील तरी उपचारांचा उपयोग होतो. "आता फार उशीर झाला" असे समजू नये.

कुठे जायचे आणि कोणता हक्क मागायचा?

१० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहे. मराठीत बोलता येते. पहिले पाऊल म्हणून हा फोन सर्वांत सोपा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि तिथे बाह्यरुग्ण म्हणूनही जाता येते. केसपेपर काढला म्हणजे माणूस वेडा ठरत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपनीने शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारासाठीही वैद्यकीय विमा द्यायचा आहे. मात्र अनेक पॉलिसींत फक्त दाखल झाल्याचाच खर्च मिळतो, म्हणून अटी वाचून घ्याव्यात.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना वेदना, यातना आणि आयुष्यातील सुखाला मुकणे या बाबींचाही विचार होतो. पण त्यासाठी कागद लागतो. मानसोपचाराचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, बुडालेल्या कामाचे दाखले पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा. त्याच दुरुस्तीतील कलम १३४-अ नुसार सद्भावनेने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने कोणी मागे हटू नये.

वस्तीत एवढे तरी करता येईल

मोठी यंत्रणा उभी राहीपर्यंत थांबण्याची गरज नाही. विहार समिती, महिला मंडळ, आशाताई, युवक मंडळ यांपैकी कोणीही एक साधी वही ठेवू शकते. वस्तीत कोणाचा अपघात झाला, किंवा अपघातात कोणाच्या घरचे माणूस गेले, तर त्या कुटुंबाच्या नावापुढे पाच आठवड्यांनंतरची तारीख लिहायची. त्या दिवशी एकाने घरी जाऊन चहा घ्यायचा, वरचे पाच प्रश्न गप्पांच्या ओघात विचारायचे आणि गरज दिसली तर १४४१६ ला फोन लावून द्यायचा किंवा जिल्हा रुग्णालयात सोबत जायचे. जे ऐकले ते बाहेर कुठेही सांगायचे नाही, एवढा नियम पाळायचा.

आपल्या ओळखीत गेल्या वर्षभरात अपघातातून वाचलेले कोणी आहे का, ते आज आठवून पाहा. त्यांना फोन करा. पाय कसा आहे हे तर विचाराच, शिवाय रात्री झोप लागते का, हेही विचारा.